पाण्यावरचा एकरेण्वीय थर आणि सोलापूरचे दुष्फेन पाणी

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट, चिकट साका बसतो, हे सोलापुरात कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. शालेय पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, त्याचे कारण म्हणून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची नावे दिलेली असतात आणि विषय तिथेच संपतो. धातूचा आयन साबणाच्या रेणूला नेमका कधी धरतो, कधी सोडतो, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची पकड सारखीच असते का, हे प्रश्न त्या पानावर नसतात. मी येथील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. हेच प्रश्न घेऊन संशोधनासाठी जे मोजमाप मी हाती घेतले, त्याचा हा वृत्तांत आहे. पद्धत जुनी आहे. स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागावर मेदाम्लाचा (साबण ज्यापासून बनतो त्या आम्लाचा) किंवा लिपिडचा (पेशींच्या पडद्यांत असणाऱ्या स्निग्ध रेणूंचा) एका रेणूइतक्याच जाडीचा थर पसरायचा, तो दोन्ही बाजूंनी सावकाश आवळत न्यायचा, आणि पाण्यात कोणते आयन आहेत त्यानुसार त्या थराचे वागणे कसे बदलते ते मोजायचे.

या पद्धतीचा पाया एका घरात, स्वयंपाकघरात घातला गेला. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठात शिकता आले नव्हते; पण पत्र्याच्या उथळ पात्रात पाणी काठोकाठ भरून आणि त्यावर पत्र्याची पट्टी सरकवून पृष्ठभागावरील तेलकट थर आवळण्याची आणि त्याच वेळी पृष्ठताण मोजण्याची रीत त्यांनी घरच्या घरी सिद्ध केली. १८९१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली आणि रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध करवले. पुढे १९१७ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी अशा थरातील एकेका रेणूला किती जागा लागते आणि रेणू पाण्यावर कसे उभे राहतात याचे विवेचन केले. पृष्ठरसायनातील कामासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उपकरणाला लँगम्यूर यांचेच नाव आहे. विद्यार्थ्यांना हे उपकरण दाखवताना मी पॉकेल्स यांचे नाव आधी घेते, कारण सरकती पट्टी आणि काठोकाठ भरलेले पात्र ही त्यातली मूळ कल्पना त्यांची आहे.

आमच्याकडचे उपकरण लहान आहे. टेफ्लॉनचे उथळ पात्र, ज्याला सगळे ट्रफ म्हणतात. त्याच्या दोन टोकांकडून मध्याकडे सरकणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजे बॅरियर. आणि मध्यभागी एका नाजूक तुलेला टांगलेली फिल्टर पेपरची अरुंद पट्टी, जिचे खालचे टोक पाण्याला टेकलेले असते. २० अंश सेल्सियसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. पाण्यावर थर पसरला आणि आवळला की हा ताण घटतो, पट्टीला खाली ओढणारे बल कमी होते आणि तुला ती घट नोंदवते. या घटीलाच पृष्ठदाब म्हणतात. आडव्या अक्षावर एका रेणूच्या वाट्याला येणारे क्षेत्रफळ आणि उभ्या अक्षावर पृष्ठदाब घेऊन जी रेषा निघते, ती समतापी रेषा. पुढचे सगळे निष्कर्ष याच रेषेच्या चढउतारांतून काढायचे असतात.

प्रत्यक्ष मोजणीपेक्षा कितीतरी अधिक वेळ साफसफाईत जातो, आणि हे काम करू इच्छिणाऱ्याने ती गोष्ट आधीच स्वीकारलेली बरी. ट्रफ क्लोरोफॉर्मने पुसायचा, मग इथेनॉलने, मग १८.२ मेगोह्म-सेंटिमीटर रोधकतेच्या अतिशुद्ध पाण्याने वारंवार विसळायचा. ट्रफमध्ये बोट बुडवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्वचेवरच्या तेलकटपणातही मेदाम्ले असतात आणि बोटाचा एक स्पर्श संपूर्ण पृष्ठभाग व्यापायला पुरतो. टेफ्लॉनला पाणी चिकटत नाही, त्यामुळे पाणी कडेच्या वर किंचित फुगून उभे राहते. तो फुगवटा सर्व बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. मग बॅरियर पूर्ण मिटवायचे आणि मधल्या अरुंद पट्ट्यात जमलेला मळ, पंपाला जोडलेल्या काचेच्या बारीक नळीने, पृष्ठभागाला जेमतेम टेकवून ओढून घ्यायचा. नळी योग्य उंचीवर असली की हवा आणि पाणी एकदम ओढले जाण्याचा एक विशिष्ट आवाज येतो, आणि काही काळाने हात त्या आवाजावरच चालतो. बॅरियर उघडायचे, पुन्हा मिटवायचे, दाब पाहायचा. पाण्यावर काहीही पसरलेले नसताना बॅरियर मिटवल्यावर दाब ०.२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या वर जाता कामा नये. तो वर गेला तर पाणी ओतून द्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

सोलापूरच्या उन्हाळ्याने या कामात जी भर घातली, ती कुठल्याच हस्तपुस्तिकेत नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की उघड्या ट्रफमधले पाणी पाहता पाहता खाली जाते. पाण्याची पातळी घटली की कागदी पट्टी किती बुडालेली आहे ते बदलते, तिच्यावरचे उत्प्लावक बल बदलते, आणि थर जागच्या जागी असूनही तुलेवरचा आकडा सरकू लागतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही ट्रफभोवती अॅक्रिलिकची बंद पेटी बसवली आणि तिच्या कोपऱ्यांत अतिशुद्ध पाण्याच्या उघड्या बश्या ठेवल्या, म्हणजे आतली हवा ओलसर राहील. पेटीने धूळही अडवली. ट्रफच्या तळाखालून २५ अंशांचे पाणी फिरवणारे यंत्र आहे, पण वीज गेली की तेही थांबते. त्यामुळे उन्हाळ्यातील सर्व महत्त्वाच्या मोजण्या मी पहाटे घेतल्या. त्या वेळी रस्त्यावरच्या जड वाहनांची कंपनेही कमी असतात.

आता खुद्द थराविषयी. सुरुवात स्टिअरिक आम्लाने केली, कारण साबणातले हे एक प्रमुख मेदाम्ल आहे आणि त्याचा रेणू साधा आहे: अठरा कार्बनांची लांब, पाण्याला नकोशी असणारी शेपटी आणि तिच्या एका टोकाला पाण्यात रमणारा कार्बोक्झिल गट. एका मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये एक मिलिग्रॅम, असे द्रावण करायचे आणि त्यातले २५ मायक्रोलिटर सूक्ष्म सिरिंजने पाण्यावर सोडायचे. सिरिंजच्या टोकावर लोंबणारा थेंब पाण्याला टेकतो त्या क्षणी तो नाहीसा होतो. पृष्ठभागावर एक झरझर पसरणारे वलय उमटते आणि विरते. क्लोरोफॉर्म उडून जाण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. एवढ्याशा द्रावणात सुमारे ५.३ कोटी अब्ज रेणू असतात, आणि प्रत्येक रेणू उभा राहून ०.२० चौरस नॅनोमीटर जागा घेतो असे धरले तर सगळ्यांना मिळून साधारण १०६ चौरस सेंटिमीटर लागतात. हा हिशोब कागदावर आधी मांडायचा आणि मग बॅरियर सोडायचे. आपण मांडलेल्या जागेच्या आसपासच दाब झपाट्याने चढताना दिसतो, तेव्हा डोळ्यांना कधीच न दिसणारा रेणू मोजपट्टीने मोजल्याचे जे समाधान मिळते, ते मी इतर कोणत्याही प्रयोगात अनुभवलेले नाही.

शुद्ध पाण्यावर, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ज्याचा पीएच साधारण ५.६ झालेला असतो अशा पाण्यावर, स्टिअरिक आम्लाची रेषा अशी जाते: रेणूमागे ०.२५ चौरस नॅनोमीटरच्या सुमारास दाब जाणवू लागतो, मग तो एका तिरप्या चढाने वाढतो, आणि २५ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या जवळपास रेषा एकदम वळण घेऊन जवळजवळ उभी होते. वळणाच्या आधी रेणूंच्या शेपट्या एका बाजूला कललेल्या असतात, वळणानंतर त्या ताठ उभ्या राहतात. हे वळण माझ्या साऱ्या कामाचे मुख्य निदर्शक ठरले. धातूच्या आयनाने थर धरला की नाही, हे मला त्या वळणाने सांगितले.

पाण्यात लिटरला एक मिलिमोल या प्रमाणात कॅल्शियम क्लोराइड विरघळवून पहिली मोजणी घेतली ती मुद्दाम आम्लधर्मी पाण्यावर, पीएच ४ च्या खाली. रेषेत काहीही बदल झाला नाही. तिरपा चढ तोच, वळण तिथेच. पाण्यात कॅल्शियम भरपूर होते, वर थरही होता, आणि दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता. पीएच वाढवत नेला तसे चित्र पालटू लागले. साडेपाच-सहाच्या पुढे वळण बोथट झाले, दाब जाणवू लागण्याची जागा आत सरकली, आणि पीएच ८ च्या पुढे वळण पूर्णपणे पुसले गेले: रेणूमागचे क्षेत्रफळ ०.२० चौरस नॅनोमीटरपेक्षा थोडे जास्त असेपर्यंत दाब जवळजवळ शून्य आणि मग एकदम सरळ उभा चढ. रेणूंना आता कलून राहण्याची मोकळीकच उरली नव्हती. कॅल्शियमने त्यांना सुरुवातीपासूनच ताठ आणि दाटीवाटीने बांधून टाकले होते.

याचे कारण कार्बोक्झिल गटाच्या भारात आहे. आम्लधर्मी पाण्यात हा गट आपला हायड्रोजन सोडत नाही, त्यामुळे त्यावर ऋणभार नसतो आणि धनभारित कॅल्शियमला पकडायला काही मिळत नाही. पीएच वाढला की हायड्रोजन सुटतो, गट ऋणभारित होतो आणि कॅल्शियम ओढले जाते. इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. मला खरा रस वाटला तो त्यापुढच्या हिशोबात. थरातला प्रत्येक गट ऋणभारित झाला, तर दर ०.२० चौरस नॅनोमीटरला एक भार, म्हणजे चौरस मीटरला ०.८ कुलोम, इतकी प्रचंड भारघनता होते. अशा पृष्ठाशेजारी विद्युत विभव शंभर मिलिव्होल्टने जरी खाली गेले, तरी बोल्ट्झमनच्या नियमाने तिथे एक धनभार असलेल्या आयनाचे प्रमाण खोल पाण्यातल्या प्रमाणाच्या सुमारे ५० पट होते, आणि दोन धनभार असलेल्या आयनाचे सुमारे २४०० पट. घातांकात भार येतो, म्हणून दुप्पट भाराचा परिणाम दुप्पट न होता वर्गाइतका होतो. सोडियमने भरलेल्या पाण्यातही थोडेसे कॅल्शियम का वरचढ ठरते, याचे बरेचसे उत्तर या एका आकड्यात आहे.

आणि हाच नियम हायड्रोजन आयनालाही लागू पडतो. तोही थराजवळ पन्नास पटींनी गोळा होतो, म्हणजे थराच्या लगतचा पीएच खालच्या पाण्यापेक्षा सुमारे १.७ ने कमी असतो. पाण्यात मोकळे विरघळलेले कार्बोक्झिल आम्ल पीएच ५ च्या आसपास अर्धे विघटित होते. थरातले आम्ल मात्र त्यासाठी अधिक अल्कधर्मी पाणी मागते. कॅल्शियम आले की ते ऋणभार झाकते, हायड्रोजनची गर्दी हटते आणि उरलेले गटही हायड्रोजन सोडू लागतात. प्रत्येक आयन जागा मिळवताना शेजाऱ्याचे वागणे बदलून टाकतो, आणि म्हणून पीएच न सांगता ‘कॅल्शियम स्टिअरिक आम्लाला धरते’ असे विधान करणे मला अपुरे वाटते. वर्गात दुष्फेन पाणी शिकवताना आता मी पीएचचा उल्लेख टाळत नाही.

याच सुमारास अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत सुताची रंगाई करणाऱ्या एका परिचित गृहस्थांशी बोलणे झाले. चादरी आणि टॉवेलांच्या सुताची त्यांची रंगाई आहे आणि पाण्याशी त्यांचा रोजचा झगडा आहे. मी काय मोजते आहे हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, बोअरच्या पाण्यात साबण फाटतो, आणि फाटलेला साबण सुतावर बसला की त्या जागी रंग धरत नाही, डाग पडतो. तुमच्या त्या यंत्रात आमचे पाणी घालून बघा की.” मग त्यांनीच एका स्वच्छ कॅनमध्ये पाणी भरून दिले. इरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक रंग घालून, कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून टाकणाऱ्या ईडीटीएने अनुमापन केले तेव्हा, मद्यासारखा लालसर रंग निळा व्हायला ब्युरेटमधला बराच द्राव लागला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा, म्हणजे दुष्फेनता, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडत होते. दख्खनच्या काळ्या बेसाल्टातून झिरपत येणाऱ्या पाण्याकडून वेगळी अपेक्षाही नव्हती.

पण असे पाणी थेट ट्रफमध्ये ओतता येत नाही, कारण त्यात आयनांबरोबर तेलकट सेंद्रिय द्रव्येही असतात आणि ती आपोआप पृष्ठभागावर येऊन बसतात. म्हणून ते आधी धुऊन घेतलेल्या सक्रिय कोळशातून गाळले, कॅल्शियम टिकले आहे याची पुन्हा अनुमापनाने खात्री केली, आणि पृष्ठभाग नळीने इतक्या वेळा ओढून घेतला की शेवटी मोकळ्या पाण्याचा दाब मर्यादेत आला. त्यावर स्टिअरिक आम्ल पसरून बॅरियर सोडले. वळणाचा मागमूस नव्हता. थर इतका कडक झाला की शेवटी शेवटी कागदी पट्टीच एका बाजूला ढकलली जाऊन तिरपी होऊ लागली, आणि त्या टप्प्यावरचे दाबाचे आकडे मी ग्राह्य धरले नाहीत.

कडकपणा डोळ्यांनी पाहण्याची एक जुनी चाचणी आहे. ती मी विद्यार्थ्यांसमोर करून दाखवली, आणि सर्व प्रयोगांत त्यांच्या लक्षात सर्वाधिक राहिली ती हीच. शंखजिऱ्याची अगदी बारीक पूड चिमटीभर थरावर भुरभुरायची आणि एका बाजूने नळीतून हलकी फुंकर घालायची. शुद्ध पाण्यावरच्या, अजून फारसा न आवळलेल्या थरावर पुडीचे कण फुंकरीसरशी वाहत जातात आणि एकमेकांपासून दूर होतात. बोअरच्या पाण्यावरच्या थरावर फुंकर घातली तेव्हा कण एकमेकांमधले अंतर तसेच ठेवून थोडेसे सरकले आणि फुंकर थांबताच जवळजवळ होते तिथे परत आले. दुधावरची घट्ट साय हलवल्यावर हलावी तसा सगळा थर एका तुकड्याने हलला. थराची जाडी जेमतेम अडीच नॅनोमीटर. एवढ्या पातळ गोष्टीला स्वतःचा ताठरपणा असू शकतो, हे त्या पुडीने दाखवून दिले. रंगाईवाल्या काकांच्या सुतावर बसणारा साका आणि हा थर, दोन्ही एकाच जातीच्या पदार्थाचे आहेत: कॅल्शियम स्टिअरेटसारखे मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार.

कॅल्शियमनंतर मॅग्नेशियम घेतले. दोन्ही आयनांवर दोनच धनभार, त्यामुळे वर सांगितलेला विभवाचा हिशोब दोघांनाही अगदी सारखा लागू पडतो. भार हेच सर्वस्व असते, तर दोन्ही रेषा एकमेकींवर पडायला हव्या होत्या. तसे झाले नाही. तेवढ्याच प्रमाणातल्या मॅग्नेशियमवर आणि तेवढ्याच पीएचला थर आवळला गेला खरा, पण कॅल्शियमइतका नाही. वळण बोथट झाले तरी पुष्कळ पुढच्या पीएचपर्यंत टिकून राहिले, आणि शंखजिऱ्याचे कण अधिक मोकळेपणाने हलत राहिले. कारण आयनाभोवतीच्या पाण्यात आहे. मॅग्नेशियमची त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम, कॅल्शियमची १.०० अँगस्ट्रॉम. लहान आयनावर तोच भार अधिक एकवटलेला असतो, म्हणून मॅग्नेशियम आपल्याभोवतीचे सहा पाण्याचे रेणू फार घट्ट धरून ठेवते. कार्बोक्झिलेटपाशी ते पोहोचते, पण बहुतेक वेळा मध्ये पाण्याचा रेणू ठेवूनच. कॅल्शियम आपले पाणी तुलनेने सहज सोडते आणि ऑक्सिजनला थेट भिडते. आयनाचा भार त्याला थरापर्यंत आणतो, पण थराला तो किती घट्ट धरेल हे त्याने पाण्याशी असलेले नाते किती सोडले यावर ठरते. या सगळ्या कामातून मला हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. पुस्तकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकाच स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना लिहिलेले असतात. ट्रफवर ते दोन वेगळे आयन आहेत.

कॅडमियम आणि शिसे यांच्या मोजण्या मी घेतल्या नाहीत. मेदाम्लाच्या थराखाली हे आयन स्वतःची सुबक जाळी रचतात, हे क्ष-किरण विवर्तनाने सिद्ध झालेले आहे आणि शास्त्राच्या दृष्टीने तो फार देखणा भाग आहे. परंतु प्रत्येक मोजणीनंतर ट्रफभर पाणी फेकून द्यावे लागते आणि अशा विषारी पाण्याची रीतसर विल्हेवाट लावण्याची सोय आमच्याकडे नाही. ते सांडपाण्यात सोडणे मला मान्य नव्हते.

दिसणारे बदल खरोखर धातूच्या आयनामुळेच आहेत ना, हे तपासण्यासाठी दोन उलट प्रयोग केले. एकात, पीएच ७ च्या कॅल्शियमयुक्त पाण्यात ईडीटीए कॅल्शियमच्या दुप्पट प्रमाणात घातले. ईडीटीए कॅल्शियमला सर्व बाजूंनी वेढून टाकते, त्यामुळे ते पाण्यात असूनही थराला उपलब्ध राहत नाही. वळण परत आले. दुसऱ्यात, रंगाईतल्या सॉफ्टनरमधून, म्हणजे कॅल्शियम घेऊन सोडियम देणाऱ्या रेझिनच्या टाकीतून काढलेले पाणी वापरले. त्यावरही वळण पुन्हा दिसले, जरी शुद्ध पाण्याइतके ठळक नाही. शिवाय दाब स्थिर ठेवला असता थराचे क्षेत्रफळ सावकाश घटत गेले, कारण अल्कधर्मी पाण्यात सोडियमचा साबण थोडा थोडा खाली विरघळत जातो. काकांना मी दोन्ही रेषा एकाच कागदावर छापून दिल्या. त्यांनी सॉफ्टनरमधले मीठ बदलण्याची वेळ यावरून कळेल का, असे विचारले. त्यासाठी साधे अनुमापन पुरेसे आणि स्वस्त आहे, हे मी त्यांना सांगितले आणि त्याची कृती मराठीत लिहून दिली.

मेदाम्लानंतर खऱ्या अर्थाने लिपिडकडे वळले. डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन, ज्याला सगळे डीपीपीसी म्हणतात, हा आपल्या फुप्फुसांतील वायुकोशांच्या आतल्या ओल्या अस्तरावर असणारा प्रमुख लिपिड आहे. त्याच्या शीर्षात, म्हणजे पाण्याकडच्या टोकात, फॉस्फेटचा ऋणभार आणि कोलीनचा धनभार शेजारी शेजारी असतात आणि एकूण भार शून्य होतो. मिलिमोलर कॅल्शियमने त्याच्या रेषेत फारच थोडा फरक पडला, आणि वरचा सगळा विचार पाहता तसेच व्हायला हवे होते. ज्या लिपिडच्या शीर्षावर निव्वळ ऋणभार असतो त्यांची गोष्ट निराळी आहे. रक्त गोठण्याच्या क्रियेत कॅल्शियम हे प्रथिन आणि फॉस्फॅटिडिलसेरिन हा ऋणभारित लिपिड यांच्यामधला दुवा होते, ते याच ओढीमुळे.

डीपीपीसीने त्रास दिला तो तापमानाचा. २० अंशांना त्याच्या रेषेत ५ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास एक आडवे पठार दिसते. तिथे थराचे विरळ आणि दाट असे दोन प्रकार एकत्र नांदतात. तापमान वाढले की हे पठार वरच्या दाबाकडे सरकते. याच लिपिडचे दुपदरी पडदे ४१ अंशांच्या जवळ वितळतात, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यातली दुपार त्या तापमानाच्या वर असते. वीज जाऊन यंत्र थांबलेल्या दिवशीच्या रेषेत पठार वर गेलेले दिसले, आणि ते कॅल्शियममुळे सरकले की उष्णतेमुळे हे त्या रेषेवरून वेगळे करता येण्यासारखे नव्हते. अशा सर्व रेषा बाजूला ठेवल्या. आयनाचा परिणाम लहान असतो तिथे तापमान एका अंशाच्याही आत स्थिर हवे.

अखेरची पडताळणी अवरक्त वर्णपटाची होती; त्यातल्या शिखरांच्या जागेवरून पदार्थात कोणते रासायनिक गट आहेत ते कळते. आम्लाचा थर आणि कॅल्शियमयुक्त पाण्यावरचा थर असे दोन्ही सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर उचलायचे होते. चकती उभी धरून थरातून सावकाश वरखाली करत राहिले की एकावर एक पदर चढत जातात. ही रीत कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३० च्या दशकात विकसित केली. कॅल्शियमचा थर चकतीवर सहज चढला आणि वर येताना चकती कोरडीच बाहेर आली. आम्लाचा थर मात्र घसरत राहिला आणि त्याचे मोजकेच पदर टिकले. जवळच्या एका संस्थेत दोन्हींचे वर्णपट घेतले. आम्लाच्या चकतीवर १७०० प्रति सेंटिमीटरजवळ कार्बोक्झिल गटाचे ठळक शिखर होते. कॅल्शियमच्या चकतीवर ते शिखर जवळजवळ नाहीसे झाले होते आणि त्याच्या जागी १५४० व १५७५ प्रति सेंटिमीटरजवळ, कॅल्शियम स्टिअरेटची म्हणून ओळखली जाणारी शिखरांची जोडी आली होती. त्यानंतर बोअरच्या पाण्यावरून उचललेल्या थराची चकती लावली, आणि त्या वर्णपटातही तीच जोडी, त्याच जागी होती.